हृदयविकाराचा झटका: वय, लिंग आणि वाया जाणारी मिनिटे

हृदयविकाराच्या झटक्यावरील तातडीच्या उपचारांत वयानुसार फरक पडतो आणि लिंगानुसारही पडतो, परंतु या दोन गोष्टींची चर्चा बहुधा स्वतंत्रपणे होते आणि माझ्या मते खरा प्रश्न तिथेच निसटतो. स्त्रियांना पहिला झटका पुरुषांपेक्षा सरासरी सुमारे 9 वर्षे उशिरा येतो, असे 52 देशांतील रुग्णांवर झालेल्या आणि 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात आढळले होते. त्यामुळे झटका आलेल्या स्त्रिया मुळात वयाने मोठ्या असतात, अनेकींना मधुमेह किंवा उच्च रक्तदाबही असतो, आणि त्यांच्यातील मृत्यूंचे प्रमाण जास्त दिसले की त्याचे खापर वयावर फोडणे सोपे जाते.

हे स्पष्टीकरण अपुरे आहे, हे अमेरिकेतील रुग्णालयांच्या नोंदींवरून 1999 मध्येच दिसून आले होते. पन्नाशीच्या आतील स्त्रियांचा रुग्णालयात मृत्यू होण्याचे प्रमाण त्याच वयाच्या पुरुषांच्या दुपटीहून अधिक होते. वय वाढत गेले तशी ही तफावत कमी होत गेली आणि पंचाहत्तरीनंतर ती लक्षणीय राहिली नाही. म्हणजे सर्वाधिक अंतर तिथेच होते, जिथे झटक्याची शंका सर्वांत कमी घेतली जाते.

याचे कारण म्हणून ‘बायकांच्या छातीत दुखतच नाही’ असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धसत्य आहे, आणि धोकादायकही. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 11 लाखांहून अधिक रुग्णांच्या विश्लेषणात छातीत न दुखता आलेल्या स्त्रिया सुमारे 42 टक्के आणि पुरुष सुमारे 31 टक्के होते. म्हणजे निम्म्याहून अधिक स्त्रियांच्याही छातीत दुखत होतेच. पुढे 55 वर्षांपर्यंतच्या रुग्णांवर झालेल्या व्हर्गो अभ्यासात तर दोन्ही गटांतील दहापैकी जवळजवळ नऊ जणांनी छातीतील वेदना किंवा दाब सांगितला. स्त्रिया त्याच्या जोडीला मळमळ, धाप, जबड्यातील किंवा पाठीतील दुखणे अशा अधिक तक्रारी सांगत होत्या, आणि या गर्दीत मुख्य तक्रार हरवून तिचे निदान ‘ताण’ किंवा ‘पित्त’ असे होऊ शकते.

रुग्ण आल्यापासून 10 मिनिटांत ईसीजी काढावा, आणि रक्तवाहिनी पूर्ण बंद झाल्याचे दिसल्यास, अँजिओप्लास्टीची सोय तिथेच असेल तर, पहिल्या वैद्यकीय संपर्कापासून 90 मिनिटांत ती उघडावी, असा संकेत आहे. शंकाच आली नाही तर पहिलीच पायरी लांबते. शिवाय हे घड्याळ मदत मिळाल्यावर सुरू होते. ‘थोडे पडून राहिले की बरे वाटेल’ म्हणत घरी काढलेला वेळ त्यात धरलाच जात नाही.

मात्र उपचारांतील प्रत्येक फरक म्हणजे अन्याय नव्हे. हृदयाच्या रक्तवाहिनीच्या भिंतीचे थर आपोआप विलग होऊन येणारा झटका प्रामुख्याने मध्यमवयीन व तरुण स्त्रियांत आढळतो. तिथे स्टेंट घालण्याच्या प्रयत्नात चीर वाढू शकते, म्हणून रुग्ण स्थिर असल्यास पुष्कळदा औषधांवरच भर देतात. वयाचेही तसेच आहे. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्ट्रीम चाचणीत गुठळी विरघळवणाऱ्या औषधाने वृद्धांच्या मेंदूत रक्तस्राव होऊ लागल्यामुळे पंचाहत्तरीपुढील रुग्णांसाठी त्याची मात्रा निम्मी करण्यात आली.

ही सावधगिरी योग्यच. पण तिचे रूपांतर ‘या वयात कशाला’ या सबबीत फार लवकर होते. रक्तवाहिनी पूर्ण बंद असेल तर तातडीच्या अँजिओप्लास्टीला वयाची कमाल मर्यादा नाही. अंशतः अडथळ्याच्या झटक्यात मात्र विचाराला वाव असतो: 2024 च्या सीनियर-रीटा चाचणीत 75 आणि त्यापुढील वयाच्या रुग्णांत अँजिओग्राफीचा मार्ग आणि केवळ औषधे यांत हृदयविकाराने मृत्यू किंवा पुन्हा झटका या एकत्रित निकषावर लक्षणीय फरक पडला नाही, जरी पुन्हा झटका येण्याचे प्रमाण पहिल्या गटात कमी होते. अशा रुग्णाबाबत जन्मतारखेपेक्षा त्याची एकंदर ताकद, मूत्रपिंडाची स्थिती आणि त्याला स्वतःला काय हवे आहे, हे आधी विचारले जावे.