आठ लिटर हवा

चार इंची फुल रेंज स्पीकर, म्हणजे खालचे-वरचे सगळे स्वर एकटाच वाजवणारा, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत अजूनही दोन-तीनशे रुपयांत मिळतो. दुकानदार तो वर्तमानपत्रात गुंडाळून देतो. माहितीचा कागद मागितला तर आपल्याकडे जरा काळजीने बघतो. घरी आणून त्याला क्षणभर पेन्सिल सेल टेकवायचा. 'टक्' होऊन कोन, म्हणजे स्पीकरचा कागदी शंकू, पुढे आला, तर सेलचं अधिक टोक ज्या पत्तीला लागलं होतं ती अधिक. एवढ्यावर माल पास.

तो तसाच उघडा टेबलावर ठेवून गाणं लावलं की मात्र निराशा होते. आवाज किरटा, तबल्यातला डग्गा गायब. दोष स्पीकरचा नसतो. कोन पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. या दोन्ही लाटा कडेवरून वळसा घालून एकमेकींना भेटतात आणि हिशेब शून्यावर येतो. 100 हर्ट्झची लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते, चार इंचांचा वळसा तिच्या खिजगणतीतही नाही. आता फ्रिजच्या खोक्याच्या पुठ्ठ्याला गोल भोक पाडा आणि स्पीकर त्यामागे दाबून धरा. हरवलेला डग्गा खोलीत हजर! फुकटात एवढा फरक पडणारा दुसरा छंद मला तरी माहीत नाही.

जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओंत हेच होतं. लाकडी कपाट, पुढे जाळीचं कापड, आत एकच स्पीकर, आणि मागे भोकं पाडलेला पुठ्ठा. भोकं व्हॉल्व्हची ऊब बाहेर जाण्यासाठी. त्यामुळे पेटी मागून उघडीच राही आणि पुढची फळी त्या पुठ्ठ्याचं काम करी. त्या आवाजाला 'गोडवा' म्हणणाऱ्या मंडळींच्या आठवणीत थोडं बालपण मिसळलेलं असतं हे खरं, पण थोडं सुतारकामही असतं.

महागड्या स्पीकरमध्ये कामाची वाटणी असते. खालचे स्वर मोठ्या कोनाकडे, वरचे ट्वीटर नावाच्या छोट्या स्पीकरकडे, आणि मध्ये वाटणी करणारं क्रॉसओव्हर. ही वाटणी बहुधा 2 ते 3 हजार हर्ट्झच्या आसपास होते, आणि नेमका तिथेच आपला कान सगळ्यात तिखट असतो. उत्तम कारागिराने केलं तर सांधा कळत नाही. फुल रेंजमध्ये सांधाच नाही. गाणाऱ्याचा आवाज एकाच कागदातून, एकाच जागेवरून येतो. बदल्यात वरची चकाकी थोडी जाते आणि खालचा दणका जातोच. ज्यांना विसर्जन मिरवणुकीतली डीजेची भिंत घरात हवी आहे, त्यांनी या वाटेला जाऊ नये.

पण आपण ऐकतो काय? काळी एकमध्ये, म्हणजे हार्मोनियमच्या पहिल्या काळी पट्टीत, गाणारा गवई घ्या. त्याचा षड्ज साधारण 139 हर्ट्झचा. चार इंची कोनाला झेपणारा. तानपुऱ्याची खर्जाची तार मात्र त्याच्या निम्म्यावर, 69 हर्ट्झच्या जवळ. तिथे हा बिचारा जवळजवळ गप्प असतो. तरीही खर्ज ऐकू येतो, आणि याची मला दर वेळी गंमत वाटते. तार छेडली की 69 बरोबर 139, 208, 277 असे उपस्वरही उठतात. जवारी, म्हणजे घोडीवर तारेला मिळणारा झंकार, चांगली लागली असेल तर तेच जास्त जोरात. कान त्यांच्यातलं सारखं अंतर ओळखतो आणि खालचा स्वर स्वतःच भरून काढतो. पाचवा उपस्वर 347 च्या आसपासचा, म्हणजे आपला स्वयंभू गंधार, तो तर कोन आरामात वाजवतो. खिशातल्या ट्रान्झिस्टरवर आपल्या आधीच्या पिढीने अख्ख्या मैफली ऐकल्या, त्या याच उधारीवर. डग्ग्याची घुमक मात्र अशी उधार मिळत नाही. तिच्यासाठी पेटी लागते.

पेटीचा हिशेब आधी अंदाजपंचेच चाले. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी 1961 मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचं गणित बसवलं. स्पीकरचे ठरावीक आकडे हाती असले की पेटी किती लिटरची हवी ते सांगता येतं. आपल्या वर्तमानपत्रातल्या स्पीकरला आकडे नसतात. कोनावर थोडी माती चिकटवून अनुनाद, म्हणजे कोन ज्या स्वराला आपसूक जोरात थरथरतो तो, किती खाली सरकतो ते मोजून काढावे लागतात. बंद पेटी लहान केली की आतली हवा ताठ होते आणि खर्ज आखडतो.

समजा आठ लिटर ठरले. आतून 20 सेंटिमीटरचा चौकोनी ठोकळा केला तर बरोबर आठ लिटर भरतात, आणि दिसतोही सुबक. तो करू नये. तिन्ही बाजू सारख्या असल्याने तिन्ही दिशांचा घुमारा साडेआठशे हर्ट्झच्या आसपास एकाच जागी साठतो. 16, 20 आणि 25 घेतले तरी आठच लिटर, पण घुमारा तीन ठिकाणी पांगतो. हे मी सुताराला समजावून सांगितलं. त्याने 18 मिलिमीटर प्लायचे तुकडे गुण्यात धरत शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते ठीक आहे साहेब, पण दार कुठल्या बाजूला?" दार नाही, हे ऐकून त्याचा माझ्यावरचा विश्वास उडाला. पण सांधे त्याने असे बसवले, फेविकॉलमध्ये भुसा कालवून फटी अशा भरल्या, की बोटांनी कोन आत दाबून सोडला तर तो सावकाश परत येई. हवा कुठून निसटत नाही याची ती खूण. आत उशीतला रेक्रॉन, मागे तारेसाठी छोटं भोक, तेही बुजवलेलं.

सुताराशिवाय काम भागवणारेही पूर्वी होते. चहाच्या टपरीत, केशकर्तनालयात माठाच्या तोंडावर आकाशाकडे बघत बसवलेला स्पीकर अनेकांनी पाहिला असेल. त्याला हसू नये. माठाला सपाट बाजू नाही, म्हणजे थरथरणारी फळी नाही, समोरासमोरच्या भिंतीही नाहीत. अमेरिकेत हॅरी ओल्सन यांनी निरनिराळ्या आकारांच्या पेट्या तपासून 1951 मध्ये निष्कर्ष छापले, त्यात सगळ्यात सरळ आवाज गोलाचा निघाला. टपरीवाल्याने ते वाचलं नव्हतं. माठ जुना झाला होता, पाणी गार होत नव्हतं.

राहिला प्रश्न पेट्या ठेवायच्या कुठे. अरुंद पेटीतून खालचे स्वर मागेही पसरतात, त्यामुळे साधारण 600 हर्ट्झच्या खाली समोरचा आवाज हळूहळू रोडावतो. पुस्तकात यावर कॉइल आणि रेझिस्टरचा उपाय आहे. फुकटचा उपाय म्हणजे पेटी भिंतीला टेकवणे; मागे गेलेला आवाज भिंत परत पाठवते. आमच्या घरी भिंतीजवळ धूळ साचते या मुद्द्यावर दर रविवारी पेट्या वीतभर पुढे येतात, आणि सोमवारी सकाळी अभंग लागला की मी त्या मागे ढकलतो. "काय फरक पडतो त्याने?" असं बायको विचारते. मी साडेतीन मीटरच्या लाटेपासून सुरुवात करतो, तोवर ती स्वयंपाकघरात गेलेली असते.