धोबी तलावावरची घडी

आमच्या सेंट झेवियर्स हायस्कूलची स्थापना १८६९ साली जर्मन जेझुइट फादरांनी केली, हे वाक्य शाळेतल्या प्रत्येकाला पाठ असे. परंतु जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघातले ते जर्मन फादर पुढे गेले कुठे, हा प्रश्न शाळा सुटेपर्यंत मला कधी पडला नाही. १९१४ साली महायुद्ध पेटले आणि आयुष्य मुंबईत घालवलेले हे शिक्षक इंग्रज सरकारच्या लेखी शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. त्यांच्यातल्या अनेकांना स्थानबद्ध करण्यात आले आणि पुढे मायदेशी धाडण्यात आले. युद्धानंतर, १९२० च्या दशकात, मुंबईतले त्यांचे काम स्पेनमधून आलेल्या जेझुइटांनी हाती घेतले. चालवणारी माणसे अशी मुळापासून बदलूनही शाळेची घडी विस्कटली नाही, याचे मला फार नवल वाटते.

ती घडी आम्ही सत्तरच्या दशकात रोज अनुभवली. ठाकुरद्वारहून चिरा बाजारमार्गे पायी येताना कयानी या इराणी हॉटेलच्या दारातला ताज्या पावाचा वास पाय रेंगाळायला लावी. पण पहिली घंटा झाली की अंगणातला गलका थांबे आणि दुसऱ्या घंटेला रांगा हलू लागत. प्रार्थनेतले ‘आवर फादर’ गिरगावातल्या आम्हा मुलांनाही रामरक्षेइतकेच तोंडपाठ होते, आणि घरी त्याबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही. कॅटेकिझमच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या, तासाला वर्गाचे दोन भाग होत. कॅथलिक मुले एका खोलीत जात, आम्ही उरलेले हिंदू, पारशी आणि मुसलमान मॉरल सायन्सला बसत असू. त्या तासाचे पुस्तक पातळ होते आणि परीक्षेचा धाक बेताचाच, त्यामुळे खरे बोलावे की मित्राला वाचवावे, यावर तिथे जे कडाक्याचे वाद झाले, तसे इतर कोणत्याही तासाला झाले नाहीत. माझा बाकावरचा सोबती गोव्याकडचा होता. तो परत आला की तिकडे काय शिकवले, याची आमची देवाणघेवाण चाले आणि त्याला आमचाच तास अधिक बरा वाटे.

मराठीच्या बाबतीत मात्र शाळा हात राखून होती, हे प्रांजळपणे नोंदवले पाहिजे. इंग्रजी निबंधाला जी मेहनत घेतली जाई, तिच्या निम्मीही मराठीच्या वाट्याला येत नसे, आणि आमच्यापैकी कित्येकांचे मराठी वाचन घडले ते गिरगावातल्या वाचनालयांच्या कृपेने.

सुनील गावसकर याच शाळेचे, हे सांगितल्यावाचून कोणताही झेवियरकर लेखणी खाली ठेवत नाही, तेव्हा मी तरी का ठेवावी? १९७१ साली त्यांनी वेस्ट इंडीजमध्ये चार कसोटींत ७७४ धावा केल्या आणि आमच्या मधल्या सुट्टीचे चित्रच पालटले. त्याआधी फलंदाजीसाठी हाणामारी होई ती षटकार मारायला मिळावेत म्हणून. त्यानंतर जो तो सलामीला जाऊन चेंडू सोडून देऊ लागला, आणि सुट्टी संपली तरी पहिली जोडी बाद होईना.