कटऑफ म्हणजे नेमकं काय, ते आधी समजून घ्या

दोन महिन्यांपूर्वी मामाचा पोरगा परभणीहून फोनवर रडवेला झालता, ताई क्लॅटचा (नॅशनल लॉ युनिव्हर्सिटीत लॉ शिकायची प्रवेश परीक्षा) कटऑफ किती लागंल, मी पास होईन का. त्याला म्हणलं आरे कटऑफ म्हणजे पासिंग नाही, त्या कॉलेजात त्या कॅटेगरीत जी शेवटची सीट भरली तिचा रँक, एवढंच. क्लॅटला मार्कापेक्षा रँक बघायचा, कारण पेपर अवघड आला की सगळ्यांचेच मार्क खाली येतात. अन् ऑल इंडियाचा आकडा बघून घाबरू नका, आपल्या संभाजीनगरच्या एमएनएलयूत (महाराष्ट्र नॅशनल लॉ युनिव्हर्सिटी) महाराष्ट्र डोमिसाईलच्या जागा वेगळ्या असतात, कटऑफच्या तक्त्यात तुमच्या कॅटेगरीची ओळ शोधा आणि प्रवेशाच्या शेवटच्या राउंडचा आकडा बघा.

क्लॅटला १२० प्रश्न, २ तास, चुकलं की पाव मार्क कट. महाराष्ट्राच्या लॉ सीईटीला (राज्यातल्या बाकी लॉ कॉलेजांची परीक्षा) निगेटिव्ह मार्किंग नाही, तिथं एकही प्रश्न सोडू नका.

मराठी मिडियमच्या पोरांचं खरं दुखणं म्हणजे इंग्रजी उतारे. मी मामाच्या पोराला रोज एक इंग्रजी अग्रलेख घड्याळ लावून मोठ्यानं वाचायला लावला, पहिल्या दिवशी ११ मिनिटं लागली, आता ४ वर आलाय, लै बरं वाटतंय. लीगल रीझनिंगला (पेपरातला कायद्याच्या तर्काचा भाग) कलमं पाठ करत बसू नका, नियम उताऱ्यातच असतो, तो समोरच्या प्रसंगाला लावायचा.

आणि कागदपत्रं! माझं नॉन क्रिमिलेयर सर्टिफिकेट (आरक्षणाच्या सीटसाठी लागतं ते) वेळेत निघालं नाही अन् हातातली सीट गेली, ते अजून सलतं. त्याला उद्याच सेतूत अर्ज टाकायला सांगितलंय.