डॅशबोर्डवरचा लुकलुकणारा पिवळा दिवा : माझा अनुभव

माझी गाडी 2009 ची, 1.9 लिटर डिझेल, युरोपियन बनावटीची सेडान. दोन लाख किलोमीटर केव्हाच ओलांडलेत. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत पुनर्नोंदणी करून घेतली, ते काम सुरळीत झालं. आई कराडला असते, म्हणून दर पंधरा दिवसांनी पुणे-कराड माझं ठरलेलं.

जूनमध्ये खंडाळा गाव मागे टाकून खंबाटकीचा घाट चढायला लागले आणि स्प्रिंगसारखं चिन्ह असलेला पिवळा दिवा उघडझाप करायला लागला. त्याच क्षणी गाडीचा पिकअप गेला. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तरी गाडी ओढेना. मागे भरलेले ट्रक, डाव्या लेनमध्ये मी दुसऱ्या गियरवर. जरा रुंद जागा दिसल्यावर बाजूला घेतली, पार्किंग लाइट लावले, किल्ली काढून दोन मिनिटं थांबले. पुन्हा चालू केली तर काहीच झालं नसल्यासारखी पळायला लागली.

हे चिन्ह हीटर प्लगचं, म्हणजे थंड डिझेल इंजिन चालू करण्याआधी आतून तापवणाऱ्या प्लगचं. सकाळी किल्ली फिरवल्यावर ते स्थिर लागतं आणि विझलं की स्टार्टर मारायचा, हे डिझेलवाल्या सगळ्यांना ठाऊक असतं. पण माझ्या गाडीच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय की चालताना हाच दिवा लुकलुकला तर त्याचा अर्थ इंजिन नियंत्रणात बिघाड, गाडी तपासून घ्या. म्हणजे चिन्ह हीटर प्लगचं असलं तरी दुखणं तिथलंच असेल असं नाही. दिवा लागल्यावर पहिल्यांदा पुस्तिकेचं ते पान उघडा.

मी पुस्तिका घेऊनच पुण्यातल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेले. तिथे माझे चार आठवडे गेले.

पहिल्या दिवशी सकाळी साडेनऊला जॉब कार्ड झालं. दुपारी तीनला सर्व्हिस ॲडव्हायजर आले. "मॅडम, आत्ता तर दिवा लागतच नाही." मी म्हटलं, लागत नसला तरी गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये बिघाडाच्या कोडची नोंद राहिली असेल, ती वाचणारा स्कॅनर लावा. लावला. "हीटर प्लग गेलेत, चारही बदलावे लागतील." मी विचारलं, कोड कोणता आला? "ते टेक्निशियनला कळतं मॅडम." प्रिंट मागितली, तर प्रिंट देत नाही म्हणाले. मी हेही सांगितलं की डिसेंबरच्या थंडीतसुद्धा ही गाडी पहिल्या झटक्यात चालू होते, प्लग गेले असते तर सकाळी त्रास दिला नसता का? त्यावर उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी कराडला जायचं होतं, म्हणून मी होकार दिला. बिल 11,400 रुपये.

पाचव्या दिवशी सिंहगड रोडवर दिवा पुन्हा लुकलुकला.

दुसऱ्या फेरीत ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग इंजिनात परत सोडणारी झडप) साफ करून दिला आणि नोंद पुसून टाकली. नोंद पुसू देऊ नका, हे मला तेव्हा सुचलं नाही. बिघाडाचा माग काढायला तेवढंच हाताशी असतं. आधी मोबाइलवर स्क्रीनचा फोटो घ्या, मग काय पुसायचं ते पुसू द्या. तिसऱ्या फेरीत गाडी नऊ दिवस त्यांच्याकडेच होती. मी रोज अकराला फोन करायची, रोज "संध्याकाळपर्यंत कळवतो". शेवटी टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा भाग) आणि गरज पडल्यास इसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, असं मिळून 86,000 रुपयांचं एस्टिमेट हातात आलं. मी पुन्हा कोड विचारला. ॲडव्हायजर म्हणाले, "जुनी गाडी आहे मॅडम, अशी कामं निघणारच." गाडी जुनी आहे म्हणून कारण न शोधता सुटे भाग बदलत राहायचे, हे मला मान्य नव्हतं. मी गाडी तशीच बाहेर काढली.

मधल्या काळात स्वारगेटच्या सिग्नलला एका दुचाकीस्वाराने काचेवर टकटक करून सांगितलं होतं, ताई, तुमचे ब्रेक लाइट लागत नाहीत. घरी येऊन पाहिलं तर लागत होते. मी विषय सोडून दिला. उत्तर त्याच वेळी मिळालं होतं.

कराडला आईच्या घराजवळ एक म्हातारे मिस्त्री आहेत. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. "ताई, ब्रेक दाबा बघू," म्हणून मागे जाऊन उभे राहिले. दहा वेळा दाबायला लावला. तीन वेळा दिवे लागले नाहीत, एकदा पाय काढल्यावरही लागलेले राहिले. "आता मशिन लावतो," म्हणाले. कोड आला पी 0571. तो त्यांनी खडूने भिंतीवर लिहून दाखवला. ब्रेक स्विचच्या सर्किटमध्ये बिघाड.

ब्रेक पेडलच्या वर बोटाएवढा प्लॅस्टिकचा स्विच असतो. माझ्या गाडीत त्याच्या आत दोन संपर्क आहेत, एक मागच्या दिव्यांसाठी, दुसरा इंजिनच्या कॉम्प्युटरला पेडलची खबर देण्यासाठी. दोघांची खबर जुळली नाही की कॉम्प्युटर बिघाड नोंदवतो आणि पिवळा दिवा लुकलुकतो. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकाच वेळी दाबलेत असा त्याचा समज झाला, तर इंजिनची ताकदही कमी करतो. घाटात तेच झालं होतं. ब्रेक लाइटचा बल्ब गेला तरी अशा गाड्यांत हीच तक्रार येऊ शकते, म्हणून आधी बल्ब बघा.

स्विच कराडला मिळाला नाही. त्या अवस्थेत हायवेवर जायचं नाही असं मी ठरवलं आणि रात्री आईकडेच राहिले. सकाळी कोल्हापूरहून एसटीच्या पार्सलने स्विच आला, 850 रुपये. जुना फिरवून काढला. नव्याचा दांडा पूर्ण बाहेर ओढला, पेडल हाताने दाबून धरलं, स्विच बसवून फिरवला, मग पेडल हळूच सोडलं. पंधरा मिनिटं. मजुरी दोनशे मागितली, मी पाचशे दिले.

तेव्हापासून दिवा लागलेला नाही. क्रूझ कंट्रोलही (ॲक्सिलरेटर न दाबता वेग कायम ठेवणारी सोय) आपोआप सुरू झालं. ते कित्येक महिने बंद होतं आणि मी कधी दोन्हींचा संबंध लावला नव्हता. तुमचंही बंद पडलं असेल तर ब्रेक स्विचकडे पाहा.

पैशांपेक्षा मला राग याचा आहे की चार आठवडे मी खंबाटकी, कात्रज आणि शहरातल्या गर्दीत मागच्याला ब्रेक दिसेल की नाही याची खात्री नसलेली गाडी चालवली. तीन वेळा जॉब कार्ड भरलं, पण एकदाही कुणी मागे उभं राहून ब्रेक दाबायला सांगितलं नाही.

काढलेले भाग परत मागून घ्या, ते आपले असतात. माझे चारही जुने हीटर प्लग मी आणले होते. भावाने मल्टिमीटर लावून त्यांचा विद्युतरोध मोजला, चारही 1 ओहमच्या आत. गेलेला प्लग असं दाखवत नाही. हे आकडे, पी 0571 आणि स्विचची पावती जोडून मी सर्व्हिस सेंटरच्या मॅनेजरांना पत्र दिलंय, 11,400 रुपये परत मागितलेत. अजून उत्तर नाही. सोमवारी प्लग घेऊन स्वतः जाणार आहे.