आमची वाटचाल : फ्रेमबफरचा हिशेब

एम्बेडेड बोर्डांवर लिनक्स बसवून देणं हा आमचा धंदा. सुरुवातीला डिस्प्लेचं काम म्हणजे ड्रायव्हर लिहिणं, असंच धरून दर ठरायचे. पण पडदा बूटलोडरने (लिनक्सच्या आधी चालून त्याला सुरू करणारा प्रोग्रॅम) आधीच चालू केलेला असेल, तर डिव्हाइस ट्रीतल्या (बोर्डावर काय काय आहे याची यादी देणारी फाइल) आठ-दहा ओळींत काम भागतं. पडद्यावरचं चित्र रॅममध्ये जिथे असतं ती जागा म्हणजे फ्रेमबफर; ती कुठे आहे, केवढी आहे आणि तिथे हात लावायचा नाही, एवढंच कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) कळवायचं.

आता काम घेताना आधी स्ट्राइड विचारतो, म्हणजे मेमरीत चित्राची एक ओळ किती बाइटची जागा घेते ते. रुंदी-उंची सगळेच देतात. १३६६ × ७६८ चा पॅनल, पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे ओळ ५,४६४ बाइटची. पण डिस्प्ले कंट्रोलरला ६४ च्या पटीतली ओळ लागत असेल तर ती ५,५०४ होते. सिंपल-फ्रेमबफरच्या नोडमध्ये (डिव्हाइस ट्रीतली या तयार पडद्याची नोंद) ५,४६४ च राहिलं, तर प्रत्येक ओळ वरच्या ओळीपेक्षा १० पिक्सेल डावीकडे सरकते आणि लोगो तिरका वाहत जातो. (यावर पॅनल बदलून पाहणारे भेटतात.) जागाही याच आकड्यावरून काढायची: ५,५०४ × ७६८ = ४२,२७,०७२ बाइट. ‘चार एमबी पुरे’ म्हणणाऱ्याला इथे ३२ केबी कमी पडतात.

ही जागा डिव्हाइस ट्रीत रिझर्व्ड-मेमरीखाली (राखीव जागांची यादी) लिहायची, नो-मॅप लावून, म्हणजे कर्नल ती आपल्या नेहमीच्या मेमरीत जोडत नाही. राखीवच ठेवली नाही तर कर्नल ती पानं (मेमरीचे तुकडे) दुसऱ्या कुणाला देतो आणि पडद्यावर रंगीत ठिपके नाचू लागतात. राखीव आहे पण नो-मॅप नाही, तर एआरएम६४ वर (६४-बिट एआरएम प्रोसेसर) आयओरीमॅप, म्हणजे अशी जागा वापरासाठी जोडून घेणारं कर्नलचं फंक्शन, साफ नकार देतं.

सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो लोगो दिसून मग काळ्या पडणाऱ्या पडद्याने. इथे मेमरी निर्दोष असते. नोडमध्ये क्लॉक (पडद्याच्या सर्किटला ठोका देणारे सिग्नल) लिहिलेले नसले की बूट संपता संपता कर्नल ते ‘बिनवापराचे’ म्हणून बंद करतो. रेग्युलेटर (वीज पुरवणारा भाग) लिहायचा राहिला असेल तर पडदा साधारण ३० सेकंदांनी जातो. त्यामुळे हल्ली पहिला प्रश्न असतो, ‘किती वेळाने गेला?’ क्लॉकचा संशय असेल तर बूट आर्ग्युमेंटमध्ये (कर्नलला सुरू होताना दिलेल्या सूचना) ‘सीएलके_इग्नोर_अनयूज्ड’, म्हणजे बिनवापराचे क्लॉक बंद करू नको, असं घालून खात्री करतो. ग्राहकाला देताना मात्र ते काढून क्लॉक नोडमध्येच लिहितो.

पत्ता आम्ही हाताने लिहायचं सोडलं. नोड ‘डिसेबल्ड’ ठेवायचा, आणि बूटलोडरनेच खरा पत्ता व स्ट्राइड भरून तो ‘ओके’ करायचा. त्याची आवृत्ती बदलली की पत्ताही बदलू शकतो.