निळी वडी

दुपारी भाची रंगपेटी घेऊन आली. "मामा, समुद्र काढून दे ना." पेटीतल्या बाकीच्या वड्या कोऱ्या करकरीत. निळीला मात्र मधोमध खड्डा, तळाचा पत्रा दिसायला लागलेला.

आमच्या पेटीतही निळीच आधी संपायची. मालवणात समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर, पण चित्रकलेच्या तासाला मी काढायचो तो कॅलेंडरवरचा समुद्र. आडवी रेघ, अर्धा सूर्य, चार इंग्रजी एमसारखे पक्षी आणि एक शिडाची होडी. शिडाची होडी मी तोवर पाहिलीसुद्धा नव्हती. आमच्याकडे होत्या उलांडीच्या होड्या, नाहीतर घरघरणारे ट्रॉलर. जून-जुलैत त्या होड्या झापांखाली गप्प पडायच्या आणि दर्या गढूळ, चहासारखा व्हायचा. एकदा मी धीर करून तपकिरी समुद्र काढला. मास्तरांनी वही परत दिली. "समुद्र निळा असतो." वर्गाच्या खिडकीतून तो दिसत होता, पण मास्तरांची पाठ होती तिकडे.

निळा काढून नेला तर आजी म्हणाली, "खयचो दर्यो रे ह्यो?"

पाठ फिरवण्यावरून चित्रकार आयवाझोव्स्की आठवला. क्रिमियातल्या फिओदोसिया या बंदरात १८१७ साली जन्मलेला. जन्मभर समुद्रच काढत बसला, सहा हजारांच्या आसपास चित्रं. पण समोर बसून नव्हे. किनाऱ्यावर पेन्सिलीने चार रेघा टिपायच्या आणि चित्र घरी येऊन आठवणीतून रंगवायचं. वीज, वाऱ्याचा झोत, फुटणारी लाट हे काही बघत बघत काढता येत नाही, असं त्याचं म्हणणं. आणि ते खरंच आहे की. लाट काय पोज देऊन थांबणार? त्याची १८५०ची 'नववी लाट' सव्वातीन मीटरहून रुंद आहे. मोडक्या डोलकाठीला चिकटलेली माणसं, वर तांबूस उजाडलेलं, आणि लाटेतून उजेड आरपार येतोय. तिथलं पाणी हिरवं आहे. आमच्या मास्तरांनी वही परत दिली असती.

म्हटलं, आपणही डोळे मिटून बघू. पंधरा वर्षं झाली ठाण्यात येऊन. आधी सुक्या बांगड्याचा वास आला. मग चपलेत अडकलेली वाळू, ती टोचते तसं काहीतरी. मग भरतीच्या वेळी घरात झोपल्या झोपल्या ऐकू यायची ती गाज. रंग मात्र काही केल्या येईना. तपकिरी होता म्हणून मी भांडलो होतो ना? आता तेही ऐकीव वाटायला लागलं. विचारावं तर आजी नाही.

"मामा, झोपलास काय?"

मग वडीवर पाण्याचे दोन थेंब टाकले, कडेकडेने ब्रश घासला. आडवी रेघ, अर्धा सूर्य. होडी कुठली, असं विचारलं तर म्हणाली, "अरे, असते तशी."

शिडाची काढून दिली.