फक्त ऐकायला

रात्रीचा एक वाजून गेलाय. कानात अजून बारीक शिट्टी वाजतेय, कारण आजच्या बँडच्या कार्यक्रमात ड्रमच्या हाय-हॅट झांजांच्या अगदी समोर उभी होते आणि इयरप्लग नेहमीप्रमाणे पर्सच्या तळाशीच राहिले. पण झोप येत नाहीये ती त्यामुळे नाही.

शेवटचा सेट संपल्यावर बेस गिटार वाजवणारा मुलगा स्टेजच्या कडेला बसून केबल गुंडाळत होता. मी जवळ गेले. तिसऱ्या गाण्यात शेवटच्या कडव्याआधी बेस अचानक थांबतो, पूर्ण दोन बार, म्हणजे तालाची दोन मापं, गप्प राहतो आणि मग खालच्या सुरावर परत येतो. ती जागा फार आवडली, असं त्याला सांगितलं. त्याचा चेहरा असा खुलला! "ती जागा ठेवायची की नाही यावरून आमची भांडणं झालीत," म्हणाला. आणि मग अगदी सहज, "तुम्ही काय वाजवता?"

"काही नाही."

"मग गाता?"

"नाही नाही. मी फक्त ऐकायला येते."

"अच्छा," म्हणाला. नंतर अजूनही काही बोलला, एका कागदावर काहीतरी खरडून हातात दिलं, मी मान डोलावली, पण माझं लक्षच नव्हतं. मी त्या "फक्त"पाशी अडकले होते. तो शब्द त्याने वापरला नव्हता. मी वापरला, कोणी मागितला नसताना.

त्याचं काही चुकलं नाही. लहान गिगला समोर उभे असलेल्यांत निम्मे तरी वाजवणारेच असतात. आधीचा सेट संपवून खाली उतरलेला बँड, पुढच्या आठवड्यात ज्यांची पाळी आहे ते, कोणाची बहीण, कोणाचा तरी जुना गिटारिस्ट, जो आता बँडमध्ये नाही पण येतो आणि मागे भिंतीला टेकून उभा राहतो. आज खोलीत तीस-बत्तीस जण असतील. त्यात "काही नाही" असं उत्तर देणारी बहुधा मी एकटीच.

येताना सगळा रस्ताभर तेच. इतकी वर्षं मी या अंधाऱ्या खोल्यांमध्ये जाऊन नेमकं करते काय? ते लोक महिनोन्‌महिने एका गाण्यावर घासतात, आणि मी येते, उभी राहते, घेते आणि जाते. कपाटावरच्या गिटारचा विषय आज नको. तिसरी तार तुटली तेव्हाच बदलली असती तर... असो. तिकिटं काढताना अजूनही बोट दोनवर जातं, तेही असो.

मँचेस्टरची ती गोष्ट मला किमान चार वेगवेगळ्या बँडवाल्यांनी सांगितली आहे, प्रत्येकाने डोळ्यांत तीच चमक आणून. ४ जून १९७६, लेसर फ्री ट्रेड हॉल, सेक्स पिस्टल्स हा पंक बँड. हॉवर्ड डेव्होटो आणि पीट शेली या दोघांनी ठरवलेला कार्यक्रम, समोर जेमतेम चाळीसेक माणसं. त्या चाळिसांत पीटर हुक आणि बर्नार्ड समनर होते. हुकने दुसऱ्याच दिवशी बेस विकत घेतला आणि पुढे त्यांचा जॉय डिव्हिजन हा बँड झाला. मॉरिसीही तिथेच होता, त्याचा द स्मिथ्स त्यानंतर काही वर्षांनी. नंतर "मीही होतो" म्हणणारे इतके निघाले की तो हॉल त्यांना पुरला नसता.

मला ही गोष्ट खूप आवडायची. आज पहिल्यांदाच ती टोचली. कारण त्यात ऐकणाऱ्याला किंमत येते ती तो दुसऱ्या दिवशी बेस घेतो म्हणून. जे त्या रात्री घरी गेले, झोपले, सकाळी कामाला लागले आणि ज्यांनी आयुष्यात कधी एक तार छेडली नाही, तेही त्याच चाळिसांत होते. त्यांनीही तेच ऐकलं. ते गोष्टीत नाहीत.

फक्त ऐकायला.

बरं, फक्त म्हणावं इतकं ते सोपं तरी कुठे असतं! नवा बँड आपोआप समोर येत नाही. ॲप सुचवतं ते आधी कोणी तरी ऐकलेलं, आणि ज्यांना अजून कोणीच ऐकलेलं नाही त्यांच्याबद्दल ॲपला सांगण्यासारखं काही नसतं. मला बँड सापडतात ते पोस्टरच्या सगळ्यात खालच्या ओळीत, जिथे अक्षरं बारीक होतात. गिटारच्या केसवर चिकटवलेल्या स्टिकरवर. ड्रमरच्या टी-शर्टवर. ड्रमर तर हमखास, कारण चांगले ड्रमर कमी आणि बँड जास्त, त्यामुळे एकेक जण तीन-तीन ठिकाणी वाजवत असतो. एका ड्रमरच्या मागे मागे गेले तर वर्षभराचं ऐकणं मिळतं. स्वतःचा स्नेअर, झांजा आणि किक पेडल घेऊन तो दुसऱ्याच्या किटवर बसतो, दोन सेटच्या मधल्या पंधरा मिनिटांत सगळं जुळवतो, आणि दर बँडमध्ये निराळा माणूस होतो. मला वाटतं हे बघायला मिळावं म्हणूनच मी लवकर जाते.

आणि बोलायचं कधी, हेही शिकावं लागतं. सेटच्या आधी नाही. तेव्हा ते ट्यूनरकडे बघत असतात, डोळ्याला डोळा देत नाहीत, त्यात अपमान वाटून घ्यायचा नसतो. संपल्या संपल्याही नाही, कारण तेव्हा मित्र मिठ्या मारत असतात. केबल गुंडाळायला लागले की जायचं. हात कामात असले की माणूस मोकळा बोलतो. "तुमच्यावर कोणाचा प्रभाव आहे" असलं विचारलं की ठरलेली चार नावं मिळतात. "मागच्या वेळेपेक्षा हे गाणं वेगळं का वाटलं" असं विचारलं तर कधी कळतं की गायिकेचा घसा बसलाय म्हणून सगळ्यांनी एक स्वर खाली उतरून वाजवलं. कधी कळतं की जुना ड्रमर सोडून गेला. मग पुढे विचारायचं नसतं.

मर्चच्या, म्हणजे बँडचे टी-शर्ट वगैरे विकायच्या, टेबलावर बसलेल्या एका गायिकेने मला मागे आकड्यांचं सांगितलं होतं. २०२४ पासून स्पॉटिफायवर एखादं गाणं मागच्या बारा महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकलं गेलं नसेल तर त्याचे पैसे निघतच नाहीत. तिचं सगळ्यात आवडतं गाणं त्या रेषेच्या खाली होतं. हे सांगताना तिच्या आवाजात तक्रार नव्हती, ती टी-शर्टच्या घड्या घालत होती. बँडकॅम्पवर, म्हणजे बँड स्वतःची गाणी विकतात त्या साइटवर घ्या, म्हणाली, आणि जमलं तर त्या ठरावीक शुक्रवारी घ्या. मार्च २०२० पासून काही शुक्रवारी बँडकॅम्पवाले स्वतःचा वाटा सोडतात. तेव्हापासून मी ते शुक्रवार डायरीत लिहून ठेवते. पण विकत घेणं म्हणजे उत्तर नाही. आजच्या प्रश्नाला मी "मी विकत घेते" असं म्हटलं असतं तर मला अजूनच कसंतरी झालं असतं.

आता हे लिहिता लिहिता संध्याकाळचं एक आठवलं.

मी पोचले तेव्हा साउंडचेक चालू होता आणि खोली रिकामी होती. साउंडवाले काका मधोमध उभे राहून एकदा जोरात टाळी वाजवून ऐकत होते. टाळी भिंतींवर आपटून खडखडत परत आली. त्यांनी तोंड वाकडं केलं. ड्रमरने विचारलं, झांजा फार उडतायत का? "आत्ता उडणारच," काका म्हणाले. "माणसं आली की बसेल."

मला तेव्हा वाटलं धीर द्यायला म्हणाले. पण ते खरंच होतं, आणि ते अक्षरशः मोजलेलं आहे. घरी आल्यावर शोधून वाचलं. १८९५ मध्ये हार्वर्डमधल्या फॉग संग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहात बोललेला शब्द पाचेक सेकंद घुमत राहायचा, एकावर एक शब्द चढून काही कळायचंच नाही. ते दुरुस्त करायचं काम वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाकडे आलं. तो रात्री शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, ऑर्गनची एक नळी वाजवायचा आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजायचा. एवढ्या गाद्यांना एवढा वेळ, अजून आणल्या की एवढा. मग त्याने माणसंही मोजली. आवाज किती शोषला जातो हे सांगायला त्याने माप घेतलं उघड्या खिडकीचं, कारण उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. त्या मापाने एक माणूस, त्याचं अंग आणि अंगावरचे कपडे मिळून, साधारण अर्धा चौरस मीटर उघड्या खिडकीइतका भरतो.

हे वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले.

म्हणजे आज त्या खोलीत आम्ही तीस-बत्तीस उघड्या खिडक्या होतो. वरचे, टोकदार सूर अंगात आणि कपड्यांत जास्त जिरतात, खालचे कमी. झांजांचा भिंतींवरून उलटून येणारा कल्लोळ आमच्यात मुरला, म्हणून मधलं सगळं स्वच्छ झालं, आणि म्हणून तिसऱ्या गाण्यात बेस थांबला तेव्हा तो थांबलेला ऐकू आला. रिकाम्या खोलीत ते दोन बार खडखडाटानेच भरले असते. त्याची भांडून ठेवलेली जागा.

यात माझं कर्तृत्व काही नाही, हे मला कळतं. मागे भिंतीला टेकून फोन बघणारा मुलगाही तेवढाच आवाज शोषत होता. पण मी म्हटलं तसं "घेते आणि जाते" हे पूर्ण खरं नाही. घेणं हेच तिथे काही तरी करत असतं. खोलीत कोणीतरी ते घ्यायला असावं लागतं, नाहीतर ते भिंतींवरून उलटं त्यांच्याच अंगावर येतं. दोनच माणसांसमोर वाजवणाऱ्या बँडच्या चेहऱ्यावर मी ते पाहिलंय.

मन थोडं शांत झालं. मँचेस्टरची गोष्ट अजून टोचते, पण मघाइतकी नाही. त्या चाळिसांतल्या घरी जाऊन झोपलेल्यांबद्दल आता जरा माया वाटतेय.

मग जॅकेटच्या खिशात तो कागद सापडला. आजचीच सेटलिस्ट आहे, टेपचे तुकडे अजून कोपऱ्यांना चिकटलेले, गाण्यांची नावं अर्धी अर्धी, तिसऱ्यापुढे मार्करने मोठा फुगा काढून "थांब!!" लिहिलंय. मागच्या बाजूला एका बँडचं नाव, खाली "शनिवार, पहिला सेट, उशीर करू नका", आणि त्याखाली बारीक अक्षरात, "यांना ऐकणारं कोणी हवंय."

हे तो तेव्हाच बोलला असणार. "अच्छा"च्या नंतर. मी तोवर स्वतःतच बुडाले होते.

बँड शोधला. दोघंच आहेत, गिटार आणि ड्रम, बेस नाहीच. तीन गाणी टाकलीत, घरी ध्वनिमुद्रित केलेली, मागे कुठेतरी दार लागल्याचा आवाज येतो आणि तो त्यांनी काढला नाही. पहिलं गाणं दोनदा ऐकलं. आवाज अजून सापडलेला नाही गाणाऱ्या मुलीला, पण शब्दाच्या शेवटी ती श्वास सोडते तो कानात राहतो. दुसरं लावणार होते, मग थांबले.

उरलेली दोन तिथेच ऐकेन. एकच तिकीट काढलं. इयरप्लग आता जॅकेटच्या खिशात ठेवलेत, कागदाबरोबर.